मरियमच्या दोन सह्या: 'अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स' आमच्या गावात मोठ्याने वाचताना

पऱ्हाटी (धागाकर्ती)

खालिद हुसैनी यांच्या २००७ सालच्या, अफगाणिस्तानात घडणाऱ्या या कादंबरीवर लिहायला लागलं की बोलणं लगेच बुरखा, तालिबान आणि युद्धावर जातं. ते सगळं तिच्यात आहेच. मला मात्र एकाच प्रश्नावर बोलायचंय: रशीद मेल्यावर मरियम पळून का जात नाही? पुढे सगळं कथानक उघडं होणार आहे. ज्यांना आधी वाचायचीय त्यांनी वाचून मग या.

मी यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. गावात वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीची एक खोली आणि दोन कपाटं. कापसाचा शेवटचा वेचा झाला की बाया संध्याकाळी तिथे जमतात आणि मी मराठी अनुवाद मोठ्याने वाचते. अडलं की आपल्या वऱ्हाडीत सांगते. बहुतेकींची शाळा चौथी-सातवीत सुटली, काहींची सुरूच झाली नव्हती. पण पोथी ऐकण्याची सवय असलेल्या बाया आहेत. कोणाचं काय, कुठे, कधी झालं ते त्या विसरत नाहीत.

ज्यांनी वाचलेली नाही तरी इथे आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात. मरियम हेरातजवळ लग्नाबाहेर जन्मलेली. बाप जलील श्रीमंत, थिएटरचा मालक, घरात तीन बायका. आई गेल्यावर हे नातं झाकायला घरचे लोक पंधराव्या वर्षी तिचं लग्न काबूलच्या रशीदशी लावून देतात. तो जोडे बनवणारा, तिच्यापेक्षा तीसेक वर्षांनी मोठा. तिचे गर्भ एकामागून एक पडत जातात आणि रशीद बदलत जातो. भातात कच्चा दाणा राहिला म्हणून तो तिला तोंडात खडे घालून चावायला लावतो. हे मी वाचलं तेव्हा खोलीत कोणी काही बोललं नाही. शेवटी एका आजीने विचारलं, "दात पडले का व तिचे?" पडले.

मग लैला. शिक्षकाची लेक, शिकलेली, चौदा वर्षांची. १९९२ च्या धुमश्चक्रीत घरावर रॉकेट पडून आईबाप जातात. तिचा तारिक मेल्याची खोटी बातमी रशीद एका माणसाकरवी तिच्यापर्यंत पोचवतो. पोटात तारिकचं मूल, जगात कोणी नाही. ती रशीदशी निकाह लावते. दोघी सवती होतात.

सवत म्हटल्यावर आमच्या बायांनी ठरवूनच टाकलं होतं की आता भांडणं येणार. येतातच. पण मग एका रात्री रशीद मरियमवर पट्टा उगारतो आणि लैला मध्ये पडते. त्यानंतर मरियम लैलाच्या दाराशी बाळाच्या कपड्यांची नीट घडी घातलेली चळत ठेवून जाते. आपल्या न झालेल्या लेकरासाठी शिवलेले ते कपडे. पुढे दोघी रात्री अंगणात बसून चहा पितात. हुसैनी या चहावर फार वेळ थांबत नाहीत, पण माझ्या मते कादंबरीचा कणा तिथे आहे. युद्ध बाहेर चालूच राहतं आणि घरात दोन बाया एका बाजूला येतात.

आता मूळ मुद्दा. रशीद लैलाचा गळा आवळत असताना मरियम फावडं आणते आणि त्याला मारते. सकाळी लैला म्हणते, आपण सगळे निघू. मरियम थांबते. गुन्हा कबूल करते, काबूलच्या तुरुंगात जाते आणि तिथल्याच गाझी स्टेडियममध्ये तिला मारलं जातं. मला वाटलं होतं इथे बाया रडतील. त्या चिडल्या. दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, "वांझ होती म्हून तिलेच मरा लागलं." दुसऱ्या बाजूचं, "तिनं गुन्हा आंगावर घेतला म्हून त्या पोरीले कोणी धुंडत आलं नाई. हिशेब बरोबर होता तिचा."

मी दुसऱ्या बाजूची आहे. मरियम आयुष्यात दोनदा महत्त्वाच्या कागदावर सही करते. पहिली निकाहनाम्यावर, बापाच्या घरात. तिला विचारतात, ती गप्प राहते, पुन्हा विचारतात, शेवटी हो म्हणते आणि सही करते. दुसरी सही आपल्याच कबुलीजबाबाखाली. पहिली तिच्याकडून करून घेतलेली आहे, दुसरी तिने स्वतः केलेली. साक्षीदार बोलावण्याचा हक्कही ती नाकारते. आपण याला त्याग म्हणतो आणि त्यागाची मूर्ती करून देव्हाऱ्यात ठेवतो. मला तो त्याग वाटत नाही. परिणाम पूर्ण माहीत असताना घेतलेला तो निर्णय आहे, आणि तिच्या आयुष्यातला तो बहुधा एकमेव मोठा निर्णय. तुम्हाला काय वाटतं?

वर्धाकाठ

ताई, वाचन छान चालवलंय तुम्ही. पण मी पहिल्या तटात.

मरियम काय विचार करते याचा एक प्रश्न आहे आणि लेखक काय करतो याचा वेगळा. मरियमच्या बाजूने तुमचं म्हणणं पटतं. लेखकाच्या बाजूने बघा: मूल नसलेली बाई मरते, आई जगते. आईला प्रियकर परत मिळतो, लेकरं मिळतात आणि पोटात आणखी एक. मुलगी झाली तर तिचं नाव मरियम ठेवायचं ठरतं. म्हणजे वांझेचं मोल शेवटी कशात? दुसरीचा संसार उभा करण्यात. आपल्याकडच्या कहाण्यांतही हेच होतं. निपुत्रिक बाई चांगली असली तर मरून चांगली ठरते, जिवंत राहून नाही.

तुमच्या गावातल्या त्या बाईला हे लगेच दिसलं. मला ती समीक्षकच वाटते. कारण हळदीकुंकवाला कोणाला आधी बोलावतात, डोहाळजेवणात कोणाला मागे बसवतात, हे तिने जन्मभर पाहिलंय.

मरियम आणि लैला दोघी पाकिस्तानात पोचल्या असत्या तर कादंबरी कमजोर झाली असती का? मला वाटत नाही.

जुनं_कॅलेंडर

मी इतिहासाच्या अंगाने वाचली. हुसैनींनी तारखा फार विचाराने लावल्यात. मरियमचा जन्म १९५९ चा. त्याच वर्षी काबूलच्या समारंभात मंत्र्यांच्या बायका बुरख्याशिवाय जाहीरपणे दिसल्या होत्या, दाऊद खान पंतप्रधान असताना. १९६४ च्या घटनेने बायकांना मताधिकार दिला. म्हणजे शहरातलं दार किलकिलं होत होतं त्याच काळात हेरातबाहेरच्या मातीच्या खोपटात ही मुलगी जन्मते आणि त्यातलं काहीही तिच्यापर्यंत पोचत नाही.

लैला जन्मते एप्रिल १९७८ मध्ये, कम्युनिस्टांनी सत्ता घेतली त्या रात्री. डिसेंबर १९७९ ला सोव्हिएत फौजा आल्या, फेब्रुवारी १९८९ ला गेल्या. एप्रिल १९९२ मध्ये कम्युनिस्ट सरकारचा अध्यक्ष नजीबुल्ला सत्तेवरून गेला आणि सोव्हिएतांशी लढलेल्या मुजाहिदीन गटांनी काबूल आपसात वाटून घेऊन एकमेकांवर रॉकेटं सोडली. सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबान शहरात शिरले.

आता या सगळ्या राजवटींत रशीदकडे बघा. लग्नानंतर लगेच तो मरियमला बुरखा घालायला लावतो तेव्हा तालिबानचं नावही कोणी ऐकलेलं नाही. राजे गेले, लालवाले आले, मुजाहिदीन आले, तालिबान आले, घरातला कायदा तोच राहिला. तालिबानने एवढंच केलं की रशीदचा घरातला कायदा सरकारी करून टाकला. माझ्या मते कादंबरीचं राजकारण हे आहे.

आणखी एक. १६ नोव्हेंबर १९९९ ला गाझी स्टेडियममध्ये झरमीना या नावाने जगाला माहीत झालेल्या बाईला खरोखर गोळी घातली गेली. आरोप नवऱ्याच्या खुनाचा. रावा या अफगाण बायकांच्या संघटनेने बुरख्याआड कॅमेरा नेऊन त्याचं चित्रण केलं म्हणून ते जगापुढे आलं. म्हणजे मरियमचा शेवट निव्वळ कल्पनेतला नाही. लैलाचं दुसऱ्या बाळंतपणात भूल न देता केलेलं सिझेरियनही तसंच. १९९७ मध्ये काबूलच्या बायकांसाठी जवळपास सगळी रुग्णालयं बंद करून एका अपुऱ्या सोयीच्या रुग्णालयाकडे वळवलं गेलं होतं.

कोरडवाहू

मी शेतकरी, वाशिमकडला. पुस्तक वाचून झालंय. एक गोष्ट खटकते ती बोलतो, राग मानू नका.

असं पुस्तक वाचलं की लोक दोन टोकांना जातात. एक टोक: "आपल्याकडंही तेच आहे." नाही, तेच नाही. माझी पुतणी एकटी एसटीने कारंज्याला कॉलेजला जाते. कोणी तिला रस्त्यात थांबवून सोबत पुरुष कुठे म्हणून चाबकाने मारत नाही. लैला अनाथालयात ठेवलेल्या लेकीला भेटायला एकटी निघते तेव्हा मार कमी लागावा म्हणून उन्हातसुद्धा अंगावर जाड कपडे चढवते. हे आणि आपलं एका तराजूत घातलं तर त्या बायांच्या दुःखाचा अपमान होतो. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान परत आल्यानंतर तिथे पुन्हा सहावीच्या पुढे मुलींना शाळा बंद, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठही बंद. आजची गोष्ट आहे ही.

दुसरं टोक जास्त वाईट. पारावर एकाने माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि म्हणाला, "ते लोकच तसे." मी त्याला विचारलं, मग मुल्ला फैजुल्ला कोण? मरियमला लिहा-वाचायला शिकवणारा, तिला शाळेत घाला म्हणून तिच्या आईकडे रदबदली करणारा म्हातारा. लैलाचा बाप कोण? मुलीचं शिक्षण लग्नाआधी, म्हणणारा. तारिक कोण? तेही मुसलमानच की. पुस्तक नीट वाचलं तर "ते लोक" म्हणायला जागाच उरत नाही.

पऱ्हाटी

कोरडवाहूदादा, दुसऱ्या टोकाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी उद्या वाचनालयात जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे. मुल्ला फैजुल्ला आमच्या बायांचा सगळ्यात लाडका माणूस. त्याचं नाव नीट घेता येत नाही, "मौलवीबाबा" म्हणतात.

पहिल्या टोकाबद्दल अर्धं मान्य. तिथे राज्यच बायकांच्या विरोधात उभं आहे आणि इथे निदान कायदा कागदावर आपल्या बाजूने आहे. हा फरक फार मोठा आहे, तो पुसायचा नाही. पण बायांनी स्वतः कुठे ओळख धरली ते सांगते, कारण मी ती सुचवली नव्हती. दोघी लेकीला घेऊन पळतात, बसस्टँडवर एका परक्या माणसाला सोबती म्हणून उभं करतात, तो पैसे घेऊन त्यांना पकडून देतो. पोलीस चौकीत लैला सांगते की परत पाठवलं तर तो मारून टाकेल. उत्तर मिळतं की घरातल्या भानगडीत आम्ही पडत नाही. आणि हे तालिबान यायच्या आधीचं आहे बरं.

इथे तीन-चार बाया एकदम बोलल्या. कोणतं ठाणं, कोणता साहेब, ते लिहीत नाही. वाक्य तेच होतं: "नवराबायकोचं आहे, घरी जाऊन मिटवा." कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, ऑक्टोबर २००६ पासून लागू. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतो हे त्यांच्यापैकी एकीलाच ठाऊक होतं, तेही आशाताईने सांगितलं म्हणून. तेव्हा दुःख सारखं नाही, पण ते वाक्य सारखं आहे. मी एवढंच म्हणेन.

वर्धाकाठसर, तुमच्या मुद्द्यावर रात्रभर विचार केला. लेखकाचा साचा तुम्ही दाखवलात तो दिसतो, खरंच दिसतो. तरी माझं मत हलत नाही, कारण मरियमचा हिशेब लेखकाने फुकट वाया घालवलेला नाही. ती गेली असती तर तालिबान एका खुन्याच्या मागे चौघांना शोधत फिरले असते. दोन बाया, दोन लेकरं, सोबत एका पायाचा तारिक. किती लांब गेले असते? ती थांबली म्हणून शोध तिथेच संपला.

रानवाट

मी वऱ्हाडीतच लिहितो, चालन ना?

तुम्ही सारे रशीदवर बोलून राह्यले, मले जलीलचा लय राग येते. रशीद तं राक्षस हायेच, त्याच्यापासून काई आशाच नाई. पण जलील गोड बोलणारा बाप. दर गुरुवारी भेटाले येणार, पोरीले मांडीवर घेणार, थिएटरात नेतो म्हणून सांगणार. अन् ते पोरगी चालत चालत हेरातले गेली तं दार नाई उघडलं. रातभर थे रस्त्यावर झोपली, थो घरातच होता. अन् घरी आली तं माय झाडाले लटकलेली.

माह्या मावशीचं असंच झालं. नवऱ्यानं टाकली तं माहेरी आली. मामानं ओसरीवर बसोलं, च्या देल्ला, अन् दुसऱ्या दिवशी बंडी जुपली वापस पोचवाले. कोणी हात नाई उचलला तिच्यावर. सारे गोडच बोलले.

पुढं जलील म्हातारपणी काबूलले येते, गाडीपाशी उभा राह्यते, अन् मरियम दार नाई उघडत, त्याची चिठ्ठीबी न वाचता फाडून टाकते. बरं केलं तिनं. पण शेवटी त्याची दुसरी चिठ्ठी लैलाले भेटते, माफी मागितलेली, पैसे ठेवलेले, तवा मरियम मेलेली हाये. तिले कळलंच नाई का बाप झुरत होता. म्या तिथं पुस्तक ठेवून देल्लं दोन रोज. माफी मागाची तं मानूस जित्ता हाये तवर मागा ना बाप्पा.

सातबारा

तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. दोन सह्यांचा मुद्दा वाचून राहवलं नाही.

माझ्या टेबलावर बायांच्या सह्या रोज होतात आणि बहुतेक मरियमच्या पहिल्या सहीसारख्या असतात. भावाच्या नावे हक्कसोड पत्र. बाईला विचारलं, "वाचलं का?" तर ती भावाकडे बघते. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा जन्मतः हक्क आला, विधवा तर १९५६ पासूनच पहिल्या वर्गाची वारस आहे. पण वारसनोंद करायला सासरा तलाठ्याकडे एकटाच जातो.

शेतकऱ्याने जीव दिला आणि प्रकरण पात्र ठरलं तर एक लाखाची मदत मिळते, त्यातले ३०,००० हातात आणि ७०,००० ठेवीत. त्या ठेवीसाठी सही लागते तेव्हा घराला अचानक आठवतं की हिला सही येते. पुढे तीच बाई पीककर्ज मागायला बँकेत गेली की पहिला प्रश्न: सातबारा कोणाच्या नावावर?

या भागात याच्या उलटही घडून गेलंय, ते विसरू नये. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं बायकांचं प्रचंड अधिवेशन झालं, विदर्भातून बाया गेल्या होत्या. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. नवऱ्याने स्वखुशीने जमीन बायकोच्या नावावर करायची. आमच्याकडे अशा जमिनीचे कागद अजून येतात. त्यातली एक आजी आहे. तिच्या पोरांनी म्हातारपणी तिला घराबाहेर काढायचं ठरवलं, पण तीन एकर तिच्या नावावर निघाले. पोरं गप्प झाली. आज ती त्याच घरात राहते, तूर कोणाला विकायची तेही तीच ठरवते.

म्हणून धागाकर्तीला माझा पाठिंबा, पण एका दुरुस्तीसह. मरियमची दुसरी सही तिची स्वतःची आहे हे खरं. तरी ज्या जगात बाईला स्वतःची अशी सही फक्त स्वतःच्या मृत्युदंडाखाली करता येते, त्या जगाबद्दल संताप यायला हवा. तुमच्या गावातल्या चिडलेल्या बायांना तो आला. त्यांना समजावू नका, त्या बरोबर आहेत.

नवी_वाचक

एक शंका. लेखक पुरुष, अमेरिकेत राहणारा, कॅलिफोर्नियात डॉक्टरकी केलेला. त्याने काबूलच्या बायकांचं दुःख अमेरिकन वाचकांसाठी लिहिलं, असं काही जण म्हणतात. २००१ नंतरचं काबूल शेवटी जरा उजळ दाखवलंय तेही त्यामुळेच का?

जुनं_कॅलेंडर

शंका रास्त आहे. हुसैनी काबूलमध्ये १९६५ साली जन्मले आणि १९८० मध्ये त्यांच्या कुटुंबाला अमेरिकेत आश्रय मिळाला, म्हणजे लैलाने जे भोगलं त्या काळात ते तिथे नव्हते. कादंबरीचा शेवट २००३ मधला आहे आणि त्यात आशा जास्त आहे. आज, २०२१ नंतर वाचताना ती आशा टोचते. पण लैला तिथे परतते ती कोणी सुटका केली म्हणून नव्हे. ती अनाथालयात शिकवायला जाते. आता त्या वर्गातल्या मोठ्या मुलींना घरी बसवलं असेल, हा विचार मात्र पान उलटताना येतोच.

वर्धाकाठ

सातबाराताईंनी दोन्ही तट एकत्र आणले असं कोणी म्हणेल, मी म्हणणार नाही. माझी तक्रार लेखकाबद्दल होती, ती कायम आहे. पण पऱ्हाटीताई, चौघांच्या शोधाचा तुमचा मुद्दा मी पुस्तक पुन्हा उघडून तपासला. मरियम लैलाला जवळपास हेच समजावते. तेव्हा तिच्या बाजूने हिशेब पक्का आहे, एवढं मान्य.

मेळघाटची

धारणीकडे आमचा बचत गट आहे, आम्हालाही असं वाचन सुरू करायचंय. पुस्तक मोठं आहे आणि बायांना रोज तासाभरापेक्षा जास्त वेळ नसतो. कुठून सुरुवात करावी? काही गाळावं का?

पऱ्हाटी

मेळघाटताई, अगदी सुरुवातीपासूनच करा. चार भाग आहेत. पहिला मरियमचा, दुसरा लैलाचा, तिसऱ्यात दोघी आलटून पालटून, चौथा पुन्हा लैलाचा. दुसरा भाग लागला की बाया विचारतात, "मरियम कुठं गेली?" तेव्हा येईल म्हणून सांगा आणि पुढे जा, सलग वाचलं नाही तर तिसऱ्या भागाचा जोर जातो. पात्रांची नावं खडूने फळ्यावर लिहून ठेवा, नात्यांसकट.

खडे चावायला लावण्याचा आणि सिझेरियनचा प्रसंग वाचण्याआधी सांगून टाका की पुढे कठीण आहे, ज्यांना ऐकवणार नाही त्यांनी बाहेर गेलं तरी चालेल. आमच्याकडे एक गरोदर सून होती, ती सासूबरोबर त्या दिवशी लवकर घरी गेली. गाळू नका मात्र. मुजाहिदीन गटांच्या राजकारणाची पानं मी वाचून न दाखवता तोंडी सांगितली, कोण कोणावर रॉकेट टाकत होतं एवढं कळलं की पुरतं.

आणि मरियम थांबते ते प्रकरण आठवड्याच्या शेवटी ठेवा, दुसऱ्या दिवशी कामाची घाई नसेल तेव्हा. त्यावर बोलायला बायांना वेळ लागतो. त्या दिवशी आमची खोली रात्री उशिरापर्यंत उघडी होती आणि कुलूप लावायला सरपंचबाई स्वतः थांबल्या होत्या. त्या पहिल्या तटाच्या.